घड की बाळी? डोळ्याच्या आत हे कोण ठरवतं

येरळाकाठ (धागाकर्ता)

रामराम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

यंदा, म्हणजे २०२५ ला, मे महिन्यातच पाऊस बसला तेव्हाच शंका आली होती. आता द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी (फळासाठीची) होऊन पोंगे (कोवळे कोंब) फुटलेत आणि तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून ज्याचा फोन येतो त्याचं एकच: "फूट जोरात आहे, पण घड नाही. नुसत्या बाळ्या." (बाळी म्हणजे वेलीचा आधार धरणारा तंतू.) लगोलग बाटल्या विकणारेही बांधावर हजर. "आमचं एवढं मारा, आठ दिवसांत घड बाहेर." त्या बाटल्यांवर पैसे घालण्याआधी हे वाचा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ऑक्टोबरला घड दिसतो, तयार होत नाही. त्याचा निर्णय झालेला असतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, साधारण ४० ते ७० दिवसांच्या दरम्यान, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कळीच्या, आत. आपण त्याला 'काडीत गर्भधारणा' म्हणतो. बहुतेक बागायतदारांना हे तोंडपाठ आहे. पण आत नक्की काय होतं, ते भिंगाखाली बघितल्याशिवाय पटत नाही.

सप्टेंबरात काड्या तपासायला नेल्या, तेव्हा तपासणाऱ्या पोराच्या मागं मी उभाच राहिलो. ब्लेडनं डोळ्यावरचे तपकिरी खवले एकेक उचलायचे. खाली कापसासारखी तांबूस लव. ती चिमट्यानं काढली की हिरवट पांढरा कोंब आणि त्याच्या बगलेला एक बारका फुगवटा. फुगवट्याला दोन फाटे, एक जाड, एक बारीक. चांगल्या डोळ्यात जाड फाट्यावर कण्याच कण्या दिसतात, एकावर एक रचलेल्या. तोच पुढं घड. दुसऱ्या काडीचा डोळा उघडला तर फुगवटा तसाच, फाटेही तसेच, पण कण्या नाहीत. गुळगुळीत. ती बाळी.

म्हणजे घड आणि बाळी हे वेगळे अवयव नाहीत. दोघांची सुरुवात एकाच फुगवट्यातून होते. द्राक्षवेल मुळात झाडांवर चढणारी. सावलीत असताना तिला फळापेक्षा आधार धरायची घाई, म्हणून बाळी. वर उन्हात पोचली की घड. थॉम्पसन या आपल्या बिनबियांच्या जातीला तर सावली अजिबात सोसत नाही. ज्या काळात डोळ्यात हा निर्णय व्हायचा, त्याच काळात यंदा आभाळ भरलेलं, जमीन ओली, वेल नुसती शाकीय वाढीला लागलेली. बाळीच्या टोकाला दोन-चार मणी लोंबताना आपण सगळ्यांनी बघितलेत. ते म्हणजे अर्ध्या वाटेत फिरलेला निर्णय.

आता जनुकाची गोष्ट. फ्रान्सच्या शँपेन भागात पिनो म्यूनिये नावाची जुनी जात आहे. तिच्या कोवळ्या पानांवर पिठी भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते. ऑस्ट्रेलियातल्या बॉस आणि थॉमस या संशोधकांनी या वेलीच्या फक्त बाहेरच्या पेशीथरापासून नवी रोपं वाढवली. (हिचा बाहेरचा थर एका जनुकाचा, आतला दुसऱ्या. वरून एकच वेल, आतून दोन.) ती रोपं निघाली बुटकी, आणि जिथं जिथं बाळी यायची तिथं तिथं घड! २००२ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. कारण सापडलं ते एका अक्षराचा बदल. जीएआय नावाच्या जनुकात एक अक्षर बदललं आणि त्यातून बनणाऱ्या प्रथिनात ल्युसिनच्या जागी हिस्टिडिन आलं.

हे प्रथिन 'डेला' कुटुंबातलं. त्याचं काम ट्रॅक्टरच्या ब्रेकचं. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक, म्हणजे आपलं जीए, आलं की वेल ते प्रथिन मोडून टाकते, ब्रेक सुटतो, पेर लांबतं, बाळी होते. म्यूनियेच्या त्या थरात ब्रेकचा आकारच बदललेला, त्यामुळं जीए कितीही आलं तरी तो सुटत नाही. पेर आखूड, फुगवट्याचा घड.

मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं. बोरलॉगच्या बुटक्या गव्हात, ज्याच्या वंशातून आपल्याकडं कल्याणसोना, सोनालिका आली, त्यात बदललेलं जनुक याच कुटुंबातलं आहे. ते १९९९ मध्येच कळलं होतं. आपल्या आज्यानं लावलेला बुटका गहू आणि आपल्या बागेतला घड-बाळीचा झगडा, दोन्हीकडं यंत्रणा एकच.

आता आपली कामं या नजरेनं बघा. सात पानांवर शेंडा मारून सबकेन (बगलेतून फुटलेली काडी) करतो, तेव्हा काय होतं? जिबरेलिन बनतं कोवळ्या वाढत्या शेंड्यात. शेंडा गेला की ते घटतं, ब्रेक टिकतो. म्हणून सबकेनच्या गाठीच्या आसपासचे डोळे घडाचे. सीसीसी हे वाढरोधक तर वेलीला जिबरेलिन बनवूच देत नाही. विरळणी करून काडीवर ऊन पाडतो, पाणी तोडतो, नत्र आवरतो, सगळ्याचा रोख तोच. आपल्या जुन्या लोकांनी रेणू न बघता बरोबर जागी हात घातला होता.

सीसीसीबद्दल एक वाक्य जास्तीचं. २०१० च्या हंगामात त्याच्याच अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. त्यामुळं मी इथं कुठलाही डोस लिहिणार नाही. व्यनि करूनही विचारू नका.

---

सावळजचा_अण्णा

लेख झकास. पण आवं, शास्त्र वाचून माझ्या एकरात घड लागणार हाईत का? यंदाचं बोला.

---

येरळाकाठ

अण्णा, खरं सांगू? ज्या डोळ्यात घड नाही त्यातून तो काढता येत नाही. ज्यात बारका, कमजोर घड आहे तो मात्र वाचवता येतो. एप्रिल ते जूनमध्ये नुसता सांगाडा बनतो. एकेक फूल बनतं ते पोंगा फुटताना, म्हणजे आत्ता. या टप्प्यात वेलीकडं साठा कमी असला किंवा फूट भरमसाठ ठेवली तर घड जिरतो, नाहीतर गोळी होऊन बसतो. म्हणून वांझ फुटी लवकर काढा, घड असलेल्या फुटींना अन्न मिळू द्या. बाकी यंदा खर्च आवरा आणि पुढच्या एप्रिलची काडी सांभाळा.

---

कऱ्हाडची_मास्तरीण

छान लिहिलंय, दादा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

ब्रेकची बाजू तुम्ही सांगितलीत. दुसरी बाजू सायटोकायनिन या संप्रेरकाची. त्याच फुगवट्याला जिबरेलिन जास्त मिळालं तर बाळी, सायटोकायनिन मिळालं तर कण्यांवर कण्या. १९७०-८० च्या दशकात श्रीनिवासन आणि मुलिन्स यांनी बाळीच्या कोवळ्या टोकावर सायटोकायनिन देऊन तिचा घड करून दाखवला होता. तुम्ही मंडळी ६ बीए फवारता ते सायटोकायनिनच.

आणि दुसरं. घड किती मोठा, किती फाट्यांचा, हे ठरवणारं जनुक वेगळं. कारिन्यान या जातीत एका वेलीवर अवाढव्य, फाटेच फाटे असलेले घड यायला लागले. शोधल्यावर कळलं की डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा टीएफएल१ए नावाच्या जनुकाच्या दारात येऊन बसलाय आणि ते जनुक वाजवीपेक्षा जास्त चालू झालंय. या जनुकाचं काम 'अजून फूल करू नकोस, वाढत राहा' असं सांगणं. तो निरोप लांबला म्हणून फाट्याला फाटा फुटत गेला. २०१० चं काम आहे हे.

---

येरळाकाठ

मॅडम, हे माहीत नव्हतं. म्हणजे एका काडीत आपोआप झालेला बदल. आपली तास-ए-गणेश तशीच की! तासगावजवळच्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधूनच निवडलेली. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची सोनाका पण तशीच. त्यात कुठलं जनुक हललंय ते सोडा, पण वेगळी काडी हेरणारी नजर शेतकऱ्याचीच होती.

---

शिराळकर

आमच्याकडं भात. लोंबीला फुलं किती धरायची हे पण असंच ठरतं काय? म्हणजे जीए आणि ६ बीए वगैरे?

---

कऱ्हाडची_मास्तरीण

हो, आणि भातावरचं काम तर फारच सुरेख आहे. जपानमध्ये अशिकारी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन जातींची तुलना केली, एक कमी दाण्यांची कोशिहिकारी आणि एक भरगच्च लोंबीची हबाताकी. फरक सापडला जीएन१ए या जागी. तिथलं जनुक सायटोकायनिन मोडणारं विकर बनवतं. हबाताकीत ते विकर कमी बनतं, लोंबीच्या कोंबात सायटोकायनिन साठतं, फाटे आणि फुलं वाढतात. म्हणजे बिघडलेलं जनुक कामाला आलं!

याचं पुढचं टोक आपल्या देशात आहे. २०२५ च्या मे महिन्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेनं जनुक-संपादन केलेल्या भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यातली 'कमला', म्हणजे डीआरआर धान १००, ही सांबा मसुरीतलं नेमकं हेच जनुक संपादून हैदराबादच्या भात संशोधन संस्थेत तयार केलेली. उत्पादन १९ टक्के वाढतं असा परिषदेचा दावा आहे. त्यावर वादही चालू आहेत.

---

शिराळकर

दावा काय ते कळंल आमच्या वावरात. इंद्रायणीची चव सोडून आमची माणसं दुसरं खातील तर ना.

---

माणदेशी

आमच्या माणात ना द्राक्ष ना भात, मालदांडी शाळू. पण एक गोष्ट कायम बघतो. कणीस हातात घेऊन नीट उकलून बघा, भरलेल्या दाण्याशेजारी देठ असलेलं एक रिकामं फोलपट असतं. प्रत्येक दाण्याला. लहानपणी वाटायचं चिमण्यांनी खाल्लं. मग भरतच नाही असं कळलं. ते का?

---

कऱ्हाडची_मास्तरीण

नजर पक्की आहे तुमची! ज्वारीत फुलं जोडीजोडीनं येतात. एक बिनदेठाचं, त्यात दाणा भरतो. शेजारी देठाचं, ते वांझ. निसर्गानंच त्याची वाढ मध्ये थांबवलेली असते. अमेरिकेत एका ज्वारीत उत्परिवर्तन घडवून ही थांबवणूकच बंद पाडली, तेव्हा देठाची फुलंही भरली आणि कणसातले दाणे दुप्पट झाले. २०१८ मध्ये त्या जनुकाचा छडा लागला, नाव एमएसडी१. थांबवणुकीचा हुकूम जास्मोनिक आम्लातर्फे जातो, जनुक बिघडल्यावर ते आम्ल कमी पडतं.

पण दाणे बारीक होतात. पाणी आणि पान तेवढंच, वाटेकरी दुप्पट.

---

माणदेशी

मग नको. शाळूचा दाणा टपोरा आणि मोत्यागत पाहिजे, बारीक दाण्याला बाजारात कोण हुंगत नाही. शिवाय आमच्याकडं परतीच्या पावसाच्या ओलीवर पीक येतं, आहेत तेच दाणे भरले तरी गंगेत घोडं न्हालं. कडबा कमी नाही ना पडत त्यात? नसंल तर इचार करू.

---

वाळवेकर

टोमॅटोवाल्यांना कुणी विचारंना! आमच्या प्लॉटात यंदा काही झाडांच्या घोसाला फाट्यावर फाटे. फुलं बघून कॅरेटं मोजायला लागलो होतो. धरली किती? चार-दोन. बाकी सगळी गळाली.

---

कऱ्हाडची_मास्तरीण

रोपं लहान असताना गारठा होता का? थंडीतही टोमॅटोचा घोस जास्त फुटतो. ते आधी तपासा. सगळ्या प्लॉटात सारखं दिसलं तर हवामान, एखाद्याच वाणात दिसलं तर बियाणं.

बियाण्याची गोष्ट अशी. टोमॅटोच्या देठाला गाठ असते, तिथून फळ तुटतं. गॅलापॅगोस बेटावरच्या रानटी टोमॅटोत बिनगाठीचा देठ सापडला, जनुकाचं नाव जॉइंटलेस-२. यंत्रानं काढणी करणाऱ्यांना ते हवंहवंसं. पण काही चांगल्या वाणांत ते घातलं की घोस फाटत सुटायचा आणि फळधारणा बसायची. पैदासकार कितीतरी वर्षं यात अडकले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या लिपमन यांच्या प्रयोगशाळेनं उलगडा केला. लागवडीच्या टोमॅटोत फार पूर्वीच मोठ्या हिरव्या पाकळ्यांसाठी एक बदल निवडला गेला होता. तो एकटा निरुपद्रवी, जॉइंटलेस-२ ही एकटं निरुपद्रवी. दोन्ही एका झाडात आले की घोसाला 'आता फूल कर' हा निरोप उशिरा पोचतो. तोवर फाटे फुटत राहतात.

---

वाळवेकर

गारठा होताच, आणि फाटे पण एकाच वाणात जास्त दिसले. म्हणजे दोन्ही! बियाण्याच्या दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणंल पाणी जास्त दिलं तुम्ही.

---

शाहूपुरीची_सई

परसबागेतला बावळट प्रश्न. मग फ्लॉवरचा गड्डा म्हणजे घोसाचाच प्रकार का?

---

कऱ्हाडची_मास्तरीण

बावळट कसला! फूल करायला निघालेले आणि फूल न होऊ शकलेले हजारो कोंब. प्रत्येक कोंब फुलाऐवजी पुन्हा कोंबच करत जातो. वर मी जे 'निरोप पोचत नाही' म्हणतेय त्याचंच टोक.

---

सावळजचा_अण्णा

मास्तरीणबाई, मला एक सांगा. ते म्यूनियेचं जनुक थॉम्पसनमध्ये घातलं तर बाळीची कटकटच मिटली की. सगळीकडं घड. आता सरकारनं संपादनाला मोकळीक पण दिलीय म्हणं.

---

येरळाकाठ

अण्णा, मीच बोलतो. मोकळीक २०२२ ची, बाहेरचं जनुक न घातलेल्या संपादित पिकांना काही नियमांतून सूट आहे. पण तो बुटका वेल मांडवावर चढायचाच नाही. तोच गुण घेऊन ऑस्ट्रेलियात कुंडीतला द्राक्षवेल तयार केलाय, वर्षभर फुलत राहतो. संशोधकांना सोन्यासारखा, कारण त्यांना फळासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही. आपल्या कामाचा नाही. शिवाय प्रत्येक पेऱ्यावर घड आले तर पोसणार कोण? आपण आहेत तेच घड विरळून टाकतो.

---

सावळजचा_अण्णा

पोसण्याचं आम्ही बघू. बुटका वेल म्हंजे मांडवाचा खर्च वाचला, तारा नकोत, अँगल नकोत. ह्यावर कुणी काम करायला पाहिजे. तुम्ही शिकलेली माणसं कायम 'नाही' पासनं सुरुवात करता.

---

येरळाकाठ

ते मांडवाचं बोलणं मात्र डोक्यात घोळत राहील आता. तरी थॉम्पसनमध्ये मोठी अडचण आहेच. बी नसल्यामुळं संकर करताना कोवळा भ्रूण प्रयोगशाळेत वाचवावा लागतो. बी सुरू होतं आणि मध्येच जिरतं, त्याला जबाबदार एजीएल११ नावाचं जनुक, तो शोध २०१८ चा. तो वेगळा धागा होईल.

---

पलूसचा_पोरगा

दादा, तुमचं वेगळ्या काडीचं वाचून आठवलं. आमच्या बागेत एका ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) दरवर्षी लांब मण्याचे घड येतात. बाकी वेल नेहमीसारखा. वडील म्हणतात तिथं जीए जास्त पडतं. हे जनुकाचं असेल का?

---

येरळाकाठ

असू शकतं, आणि वडील म्हणतात तेही असू शकतं. म्हणून आधी वेगळं करून बघा. त्या ओलांड्याला आत्ताच रंगीत रिबीन बांधा, एप्रिलला खुणा हरवतात. यंदा त्यावरचे काही घड आणि शेजारच्या ओलांड्यावरचे काही घड अजिबात डीप करू (जीएत बुडवू) नका, फवारणीच्या वेळी त्यांना प्लॅस्टिकची पिशवी घाला. जीए न लागलेले मणीसुद्धा लांब निघाले तर त्याच काडीचे डोळे डॉगरिज या खुंटावर भरा, पण सगळे एका जागी नको. म्यूनियेसारखं आत-बाहेर दोन थरांचं प्रकरण असलं तर एखाद्या कलमात गुण उतरेल, एखाद्यात नाही. प्रत्येक कलमाला आकडा द्या आणि वहीत कुठल्या डोळ्याचं ते लिहा. मणी मोजताना घडाच्या वरच्या पाकळीचे (फाट्याचे) आणि शेंड्याचे वेगवेगळे मोजा, दोन्हीत फरक असतोच. जीए मारलेल्या घडांचा रकाना निराळा ठेवा. फोटो इथंच टाका, शेजारी पट्टी ठेवून.